आमची फळीवरची रेल्वे

पाटणला रेल्वे नाही, गाडी बघायची तर कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला जावं लागतं. गटाच्या सहलीत आम्ही पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

आता आम्हीही रेल्वे करतोय, तुकड्यातुकड्यांनी. घरटी एक फळी. कुणी बोगदा करते, कुणी कोयनेवरचा पूल. मधलं जिचं तिनं ठरवायचं. टोकाशी मात्र उंची सारखी आणि रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर अंतर हवंच, नाहीतर गाडी सांध्यावर घसरते.

"बायकांना कशाला खेळणी?" हे ऐकून झालं. बचतीला हात लावलेला नाही, वर्गणी वेगळी आहे. इंजिन सगळ्यांत एकच. दिवाळीच्या सुट्टीत फळ्या जोडू. मुलांना घेऊन या.