खाडीकाठचे घर आणि आपण विचारायचे प्रश्न



पळसदरी-कर्जतकडचा मुलगा नोकरीला लागला की घरात विषय निघतोच, "आता नेरूळ-बेलापूरकडे कुठेतरी जागा बघा. खाडीकाठची वस्ती, मुलाबाळांना चांगली." बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना आम्हीही हेच ऐकतो. अर्जदार चौरस फुटाचा भाव विचारतो, हप्ता विचारतो. परंतु 'मुलाबाळांना चांगली' म्हणजे नेमके काय, हे सहसा कोणी विचारत नाही. तेवढाच विचार आज आपल्यापुढे मांडतो.

तेथे समोर पाणी आहे ते खाडीचे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, काठाला खारफुटी असते, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. डोळ्यांना हे सुखाचे वाटते. पण संसार काही देखाव्यावर चालत नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि वस्तीची आखणी सेक्टरवार झाली. शाळा, मैदान, बाजार व दवाखाना घरापासून जवळ असावा, हे आधी कागदावर ठरले. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. २००४ साली ठाण्याहूनही मार्ग सुरू झाला. आज पळसदरीहून निघालेला माणूस ठाण्याला गाडी बदलून नेरूळला उतरतो, तो याच आखणीमुळे.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचे उदाहरण विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तेथे सात-सात घरांमध्ये आठ मीटर लांब-रुंद असे एकेक अंगण ठेवले. शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे मिळकत वाढेल तशी खोली वाढविता यावी. आईला हातातले काम न सोडता अंगणात खेळणारे मूल दिसावे, यापेक्षा घराकडून संसाराला आणखी काय हवे?

दुसरी गोष्ट शेजाराची. सरकारी सोडतीत चिठ्ठी निघते ती अर्जाच्या क्रमांकाची. त्यामुळे एकाच जिन्यावर मच्छी तळणारे, उपवास करणारे आणि आपण, असे सर्व एकत्र येतात. मात्र भाड्याने जागा शोधताना आडनाव ऐकताच "जागा गेली" असे सांगणारे घरमालक आपल्यापैकी कित्येकांना भेटले आहेत. म्हणून आमच्या मते चांगल्या वस्तीची खरी कसोटी एकच : आपले मूल मित्राच्या दारात गेले असता त्याला आडनाव न विचारता आत घेतात की नाही?

तिसरी गोष्ट, या सुखाची किंमत कोणी मोजली? नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आगरी, कोळी आणि इतर कष्टकऱ्यांची शेते व मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य करून घेतले गेले. नवी मुंबईच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः मोरबे धरणाचे आहे, आणि ते धरण धावरी नदीवर, आपल्याच खालापूर तालुक्यात आहे. त्याच वेळी कर्जत-खालापूरच्या अनेक आदिवासी वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर चढतात-उतरतात. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, बाबासाहेबांनी जगाला दाखवून दिले. तो हक्क वाडीच्या हंड्यापर्यंत पोचला का, हे पाहणे आपले काम आहे.

मित्रहो, खाडीकाठी जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जमेल त्याने अवश्य जावे, मुले शिकवावीत. परंतु आता शहरच आपल्या दारात येत आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग हाती घेतल्यापासून इकडच्या जमिनींचे भाव व जाहिरातींचे फलक दोन्ही वाढले. त्या फलकांवर डोंगर असतो, धबधबा असतो. शाळा क्वचित असते. तेव्हा सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पाणी कोठून येणार? शाळा मुलाला चालत जाण्याजोगी आहे काय? मैदान नकाशावर आहे की जागेवर? आणि ही जमीन कालपर्यंत कोण कसत होता, त्याला काय मिळाले?

विद्यार्थ्यांनी हेच प्रश्न ग्रामसभेत विचारावेत. सातबारा आणि विकास आराखडा वाचायला शिकावे, घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा. मोकळी जागा एकदा बांधकामाखाली गेली की परत मिळत नाही. खाडीकाठच्या आईला जे अंगण मिळाले, ते पळसदरीच्या आईलाही मिळाले पाहिजे. त्यासाठी तिने गाव सोडण्याची अट नसावी.

 जय भीम! जय भारत!