शंभर वॅट आणि रात्रभराची ओवी

सामुदायिक रेडिओच्या या संमेलनाला जमलेल्या कार्यकर्त्या, निवेदक, ध्वनिमुद्रक आणि कलावंत मित्रहो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, मी ऋणी आहे. आभारात फार वेळ घेत नाही, कारण मला आज वेळेबद्दलच बोलायचं आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली दिला. तरी स्वयंसेवी संस्थांना स्वतःचं केंद्र काढण्याची मुभा मिळायला २००६ उजाडलं. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या मेदक जिल्ह्यात दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला आणि त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, ९०.४ वर माणदेशी तरंग वाहिनी. शंभर वॅटची ताकद, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला.

माणदेशाचं रेडिओशी नातं त्याआधीचं आहे. गदिमांचं ‘गीतरामायण’ १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर त्याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचं काम बघत. माणदेशाची माणसं पुण्याला जाऊन बोलत होती आणि माणदेश घरी बसून ऐकत होता. आता माइकच म्हसवडला आला आहे. तिथला आवाज पुण्यापर्यंत पोचत नाही, याची मला मुळीच खंत नाही. ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांच्या अंगणात तो स्वच्छ ऐकू येतो.

पण त्या आवाजाला आपण किती वेळ देतो?

धनगरी ओवी घ्या. सुंबरान मांडलं की बिरोबाची कथा रात्रभर चालते. थोडं गायचं, मग तेच बोलून उलगडायचं, पुन्हा गायचं. साथीदार शेवटचा शब्द उचलतात, आणि त्या उचलण्यातच मुख्य गाणाऱ्याला पुढची ओळ सुचते. गुंथर सोन्थायमर हा जर्मन अभ्यासक या ओव्यांमागे वर्षानुवर्षं धनगरवाड्यांतून हिंडला, तो हे सगळं अखंड ऐकण्यासाठी. आणि आपण काय करतो? ‘चांगला भाग’ तेवढा कापून चार मिनिटांचं गाणं करतो. बोलण्याचा भाग आधी जातो, कारण तो गाणं वाटत नाही. कथा गेली, मागे उरली फक्त चाल. खासगी एफएमची ती मजबुरी असेल, तिथे मिनिटामिनिटाला पैसे मोजलेले असतात. आपल्याला अंतराची मर्यादा आहे, घड्याळाची कुणीही घातलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ओवी आठ रात्री चालू द्या. गाणारा दमून जिथे थांबतो, पाणी मागतो, तिथेच त्या दिवसाचा भाग संपवा.

हलगीचं तसंच. हलगी वाजवायच्या आधी ती जाळावर धरून तापवावी लागते, तेव्हा कातडं ताणलं जातं आणि तिला कडकडाट येतो. काचेच्या बंद खोलीत जाळ कुठून पेटवणार? म्हणून थंड, ढिल्या हलगीचं ध्वनिमुद्रण होतं आणि वर ‘आवाज फाटतोय’ म्हणून वादकाला मागे बसवलं जातं. यंत्र घेऊन तुम्ही अंगणात जा, माइक चार हात लांब ठेवा, पुन्हा तापवायला त्याला उसंत द्या. जात्यावरच्या ओव्यांनाही हाच न्याय. खुंट्याला हात लागला की बाईला ओव्या आपोआप सुचतात. टेबलापुढे ताठ बसवलं की तिसरीला अडते.

हलगी वाजवणारा पिढ्यान् पिढ्या देवळाबाहेर उभा राहिला, हेही मी इथे स्पष्ट बोलणार आहे. मिरवणूक त्याच्या जोरावर निघाली, नाव मात्र कुणी विचारलं नाही. आपल्या केंद्रावर भजनी मंडळाच्या बुवांचं नाव दोनदा घेतलं जातं आणि पाठोपाठ ‘पारंपरिक हलगीवादन’ एवढंच सांगितलं जातं, तेव्हा तोच उंबरठा आपण हवेत पुन्हा बांधतो. हे थांबलं पाहिजे. भीमगीतं डिसेंबर आणि एप्रिलपुरती, कव्वाली उरसापुरती, अशी वाटणीही मला मान्य नाही.

सिनेमाची गाणी बंद करा, असं मी म्हणत नाही. पन्नासच्या दशकात केसकर मंत्री असताना आकाशवाणीनं ती दूर ठेवली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. फर्माईश जरूर घ्या. फक्त निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार व्हावेत अशी जी अट आहे, ती कशीबशी भरून काढायची टक्केवारी समजू नका.

शेवटी पैशाचं. सिनेगीत वाजवलं की हक्कांचे पैसे मोजावे लागतात; गावातल्या गाणाऱ्याचं गाणं मात्र आपण फुकट धरतो. प्रत्येक केंद्रानं एक नोंदवही ठेवावी: गाणाऱ्याचं नाव, गाव, कुणाकडून शिकलं, कोणत्या वेळी गातात, आणि पुन्हा वाजवायला त्याची संमती आहे का. २०२४ च्या नव्या नियमांनी जाहिरातींना तासाला बारा मिनिटं दिली आहेत. त्या उत्पन्नातला ठरलेला वाटा मानधनासाठी बाजूला काढावा आणि ध्वनिमुद्रण झालं त्याच दिवशी, त्याच अंगणात तो हातावर ठेवावा. या संमेलनाचा पहिला ठराव म्हणून मी हा मांडतो आहे. त्यावर आजच मत घ्यावं.