रहदारीतला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘रहदारी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘राह’ म्हणजे वाट. वाटेवरची ये-जा ती रहदारी. वाटेवर घेतल्या जाणाऱ्या जकातीलाही पूर्वी हाच शब्द होता. या शब्दात गाडी कुठेच नाही. आज मात्र ‘रहदारीला अडथळा’ असे वाचले की रहदारी म्हणजे गाड्या आणि अडथळा म्हणजे बहुधा चालणारा माणूस. कविता लिहिणाऱ्याला अशी अदलाबदल खटकायचीच. पण गोष्ट शब्दापुरती असती तर मी आज या विषयावर बोललो नसतो. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता घ्या. ज्यांना जंगलीशहा असेही म्हणत, ज्यांच्या भक्तांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, त्या सत्पुरुषाची समाधी या रस्त्यावर आहे. शेजारी पाताळेश्वराची लेणी, पुढे बालगंधर्व रंगमंदिर, संभाजी उद्यान. १९७०च्या दशकात हा रस्ता नव्याने बांधला आणि वर्षानुवर्षे त्याला खड्डा पडला नाही, याचा पुणेकरांना केवढा अभिमान! अभिमान रास्तच होता. मात्र ते सारे कौतुक चाकांच्या बाजूने होते. कडेने चालणाऱ्याचे कसे चालले आहे, हे फारसे कुणी विचारले नाही.

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आणि त्यानंतर या रस्त्याचे रूप टप्प्याटप्प्याने बदलले. पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली, जुनी झाडे न तोडता पदपथात सामावून घेतली गेली. यामागचा हिशेब साधा आहे, पण तो समजून घेण्याजोगा आहे. आपला रस्ता कुठे चार गाड्यांइतका रुंद, तर कुठे दोन. गाड्या किती जाणार हे ठरवतो सर्वांत अरुंद भाग आणि चौकातला सिग्नल. मधल्या रुंद जागेत गाड्या जास्त जात नाहीत. तिथे वेडीवाकडी वाहने उभी राहतात, नाहीतर पुढचा सिग्नल गाठायला कुणीतरी सुसाट सुटतो. म्हणून गाड्यांची पट्टी सगळीकडे सारखी ठेवायची आणि उरलेली जागा चालणाऱ्यांना, झाडांना, बसथांब्याला, ठरावीक पार्किंगला वाटून द्यायची. वेगाचेही गणित आहेच. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते.

आता पदपथाची उंची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत ती १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असे आहे. आपल्याकडे जुने पदपथ गुडघ्याची परीक्षा घेणारे. शिवाय प्रत्येक गल्लीच्या आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ते तुटतात. उतरा, चढा, पुन्हा उतरा. मग साठीचा माणूस ‘नको ती कसरत’ म्हणून खाली रस्त्यावरूनच चालतो आणि आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. बाजारपेठेत किमान अडीच मीटर मोकळी वाट हवी, हाही त्याच निकषांचा भाग. मोकळी म्हणजे विजेची पेटी, जाहिरातीचा खांब आणि दुकानाच्या पायऱ्या वगळून.

दुकानदारांची भीती मला खोटी वाटत नाही. लक्ष्मी रस्त्यावर माझ्या परिचयाचे एक कापड दुकानदार आहेत. ते म्हणतात, “कविराज, तुमचं चालणं-बिलणं ठीक आहे. पण गाडी लावायला जागा नसली की गिऱ्हाईक मॉलमध्ये जातं. आमच्या दुकानाचं भाडं कोण भरणार?” प्रश्न पोटाचा आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. मी एवढेच विचारले, “दिवसभरात आलेल्यांपैकी दारात गाडी लावून आलेले किती?” त्यांनी ते कधी मोजले नव्हते. मोजणारे मोजतात तेव्हा गंमत होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या २००६च्या पाहणीत दुकानदारांचा अंदाज होता, ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येते. प्रत्यक्षात निघाले २२. ब्रिस्टल म्हणजे पुणे नव्हे, हे मान्य. इथे दुचाकीचा संसार आहे. म्हणून इथे वेगळे मोजायला हवे. दारातली एक जागा सकाळपासून एकाच गाडीने अडवली, आणि ती गाडी बहुतेक वेळा दुकानातल्याच कुणाची असते, तर त्या जागेचा धंद्याला काय उपयोग? तासावर पैसे घेतले की जागा हलती राहते आणि माल उतरवायला सकाळची वेळ नेमून देता येते.

११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला. त्यानंतरच्या वर्षांतही तो पाळला गेला. एका दिवसाची जत्रा म्हणून काहींनी नाके मुरडली. मला तो उपक्रम आवडतो, कारण बारा महिने जे गाड्यांखाली झाकलेले असते ते त्या दिवशी दिसते: रस्त्याची खरी रुंदी, जुन्या वाड्यांचे सज्जे, दुकानांच्या पाट्या.

पथारीवाल्यांना हटवले की पदपथ सुधारला, असेही समजू नये. २०१४च्या कायद्याने त्यांना जागा नेमून द्यायची आहे. गजरेवाली आणि भुट्टेवाला असतात तिथे रात्री मुलीबाळींना चालायला धीर येतो. आणि रुंद केलेल्या पदपथावर दुचाक्या चढतात त्याचे काय? दोन दगडी खुंट योग्य अंतरावर रोवले की ते थांबते. खुंटांमधून चाकाची खुर्ची मात्र जायला हवी.

पण खरा प्रश्न चौकातला. कितीही सुंदर पदपथ बांधा, कधीतरी रस्ता ओलांडायचा असतोच. सिग्नलचा हिशेब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे साधारण धरतात. १५ मीटर रुंद रस्त्याला साडेबारा सेकंद. गुडघे दुखणारी, हातात भाजीची पिशवी असलेली बाई ०.८ मीटरने चालली, तर तिला पावणेएकोणीस सेकंद लागतात. हे वरचे सव्वासहा सेकंद ती सुटलेल्या गाड्यांसमोर असते. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंचे पदपथ अडीच-अडीच मीटर पुढे आणले, तर ओलांडायचे अंतर दहा मीटर उरते. मग त्याच चालीने, कुणाचा हात न धरता, ती साडेबारा सेकंदांत पलीकडे पोहोचते.