हातोहात

मध्यंतरी मला फोनमधले फोटो लॅपटॉपवर घ्यायचे होते. दोन्ही एकाच टेबलावर, मध्ये वीतभर अंतर. स्वतःलाच मेल करायला गेलो, तर २५ एमबीच्या पुढे जीमेल घेईना. शेवटी ते क्लाउडवर चढवले आणि तिथून उतरवले. वीतभर अंतरासाठी फोटो कुठल्या कुठे जाऊन आले आणि त्यांची एक प्रत तिथेच राहिली. आज मला बोलायचंय ते या मागे राहिलेल्या प्रतीबद्दल.

तिची गरज नाही. २०११ साली गूगलने वेबआरटीसी नावाचं तंत्र सर्वांसाठी खुलं केलं आणि जानेवारी २०२१मध्ये ते वेबचं अधिकृत मानक झालं. मुख्य हेतू ब्राउझरमधून बोलण्याचा, एकमेकांना पाहण्याचा. पण त्यात डेटा चॅनल नावाची एक वाट आहे आणि तिच्यावरून कुठलीही फाइल एका ब्राउझरमधून थेट दुसऱ्यात जाते. पेअरड्रॉप, फाइलपिझ्झा यांसारख्या साइट याच वाटेवर उभ्या आहेत. काही इन्स्टॉल करायला नको, खातं उघडायला नको. झेरॉक्सच्या दुकानात आपण परक्या कॉम्प्युटरवर आपला मेल उघडतो आणि पुष्कळदा तो तसाच उघडा राहतो. ते यात टळतं. दुकानदाराकडे उतरलेली फाइल मात्र त्याला पुसायला सांगावीच लागते.

आता दोन ब्राउझर एकमेकांना सापडतात कसे? जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आत दहा बिऱ्हाडं, बाहेर पत्ता एकच. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी, म्हणून घराघरातला राउटर असा वाडा चालवतो. दिंडीदरवाजावरचा राखणदार बाहेरच्या अनोळखी माणसाला आत सोडत नाही; आतल्याने हाक मारली असेल, तर उत्तर घेऊन येणाऱ्याला सोडतो. म्हणून दोघंही आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतात, ‘माझा पत्ता तुला कसा दिसतो?’ साइट स्थळ सुचवणाऱ्यासारखी ते पत्ते इकडून तिकडे पोचवते. मग दोघंही आतून एकमेकांना हाका मारतात. दोन्ही राखणदारांना वाटतं, समोरून येतंय ते आपल्याच माणसाला आलेलं उत्तर. दरवाजे उघडतात. मला या युक्तीचं फार कौतुक आहे.

काही नेटवर्कवर हे जमत नाही. तिथे मधल्या सर्व्हरमार्फत फाइल जाऊ शकते. पण ती कुलूपबंद असते, त्याला वाचता येत नाही. स्थळ सुचवणाराच लबाड निघाला तर? तो दोघांच्या किल्ल्या बदलून मध्ये बसू शकतो. म्हणून साइट पारखून घ्या, एवढं मी कळकळीनं सांगेन.

आणि दोघांनी एकाच वेळी हजर असावं लागतं, कारण मध्ये सांभाळून ठेवणारं कुणी नाही. माझा भाचा बोस्टनला असतो. आईच्या पंच्याहत्तरीचं चित्रीकरण, चार जीबीची एकच फाइल, त्याला द्यायची होती. फोन करून वेळ ठरवली: त्याची सकाळ, आमची संध्याकाळ. टॅब बंद झाली किंवा लॅपटॉप झोपी गेला, तर सगळं थांबणार, म्हणून पाऊण तास मी जागचा हललो नाही. फोन चालूच होता. आजीची चौकशी झाली, तिथल्या बर्फाची झाली. मधेच तो म्हणाला, ‘मामा, तुझ्याकडे किती टक्के दिसतायत?’

‘एकसष्ट,’ मी म्हटलं.