सायकलीतील लाकूड : कापावे की वाकवावे?

श्रोतेहो, जुन्या सायकली नव्याने उभ्या करण्याविषयी मी या नभोवाणी केंद्रावरून बोलू लागल्यापासून जी पत्रे येतात, त्यांतील बहुतेकांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच असतो : माळ्यावर वा गोठ्याच्या कोपऱ्यात आजोबांची हंबर, रॅले किंवा हर्क्युलिस सापडली आहे, तिचा सांगाडा शाबूत आहे, आणि तिला मडगार्ड, मुठी, कॅरिअर, जमल्यास हँडल आणि चाकांच्या रिमसुद्धा स्वतःच्या हातांनी लाकडाच्या करून बसवायच्या आहेत, तरी लाकूड कोणते घ्यावे, याचा खुलासा व्हावा. हौस उत्तम आहे आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. 1817 साली कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने मानहाइम शहरातून जे दुचाकी वाहन पायांनी रेटत नेले, त्याचा सांगाडा लाकडीच होता. पुढे शतकाच्या अखेरीस, डनलॉपची हवेची धाव प्रचारात आल्यानंतरही, शर्यतीच्या हलक्या सायकलींना लाकडी रिम असत, आणि इटलीत बीचच्या लाकडापासून त्या घडवणारे कारागीर आजही आहेत. परंतु लाकूड कोणते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की त्या लाकडाची रेघ कोणत्या दिशेने धावते. आणि हा प्रश्न मला आजवर एकाही पत्रात आढळला नाही.

लाकूड हा लोखंडासारखा सर्व दिशांनी सारखा असणारा पदार्थ नव्हे. झाडाच्या उंचीला समांतर असे असंख्य तंतू एकमेकांना चिकटून ते बनलेले असते. या तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याची मजबुती विलक्षण असते, आणि आडव्या दिशेने ते इतके दुबळे असते की कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका दुभंगतो. आता एखाद्या सरळ फळीवर हँडलाची कमान पेन्सिलीने रेखून ती करवतीने कापून काढली, तर काय होते ते पाहा. कमानीच्या मधल्या भागात तंतू लांबीने धावतात. परंतु जिथे वळण येते तिथे ते आडवे होऊन तुटक राहतात, आणि नेमक्या त्याच जागी स्वाराच्या हातांचा सारा भार येतो. म्हणून माझी पहिली ताकीद ही, की वळणाचा कोणताही भाग सरळ फळीतून कापून काढू नये. तो वाकवावा, अथवा पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वळणातच घडवावा.

एका पत्रासोबत छायाचित्र आले होते. घरच्या जुन्या सागवानी चौकटीतून हँडल कोरले होते, पॉलिशही सुरेख होते, आणि पुढच्या दांडीवर नातवासाठी लहान आसन बसवले होते. त्या गृहस्थांना मी या भाषणाची वाट न पाहता त्याच दिवशी उत्तर लिहिले. अहो, पोलादी नळी मोडण्यापूर्वी बहुधा वाकते आणि आपल्याला सावध करते. तुटक तंतूंचे लाकूड असली कोणतीही सूचना न देता, भर उतारावर, एका क्षणात दुभंगते! नातू पुढे बसला आहे, हे करवत हातात घेताना आठवायला नको काय? हँडल, चिमटा, सीटची दांडी आणि क्रँक हे चार भाग पोलादीच राहू द्यावेत. लाकडाची हौस पुरवायला बाकीची सायकल पुष्कळ आहे.

यावर खेड्यातील जाणकार श्रोते अशी हरकत घेतील, की आमच्या बैलगाडीच्या चाकाचा परिघ तर वक्र तुकडे कापूनच करतात, आणि ते चाक पिढ्यानुपिढ्या चालते. हरकत रास्त आहे. परंतु त्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो, ती निवताना आकसते आणि सगळे तुकडे, आरे व तुंबा यांना आतल्या बाजूस इतके आवळून धरते, की लाकडावर येतो तो दाब, ताण नव्हे. दाब लाकूड आनंदाने सोसते. हँडलाला अशी धाव कोण चढवणार? जिथे ताण आहे आणि वळण आहे, तिथे कापलेले लाकूड वापरू नये, हे मी पुनःपुन्हा सांगतो आणि सांगत राहीन.

मग वळण साधावे कसे? मडगार्डाचे उदाहरण घेऊ. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या तीन-चार पट्ट्या, सर्वांची रेघ लांबीने धावणारी, साच्यावर चिकटवून शिकंज्यांत आवळून पुरती एक रात्र ठेवाव्यात. साचा मात्र इच्छित गोलाईपेक्षा किंचित लहान करावा, कारण सुटल्यावर लाकूड थोडे उलगडते. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून इपॉक्सी घ्यावे. आणि सागवान तेलकट असल्यामुळे चिकटवण्याच्या ऐन आधी ते थिनरने पुसावे. जाड पट्टी वाकवायची असल्यास बंद पेटीत वाफ द्यावी : एक इंच जाडीला एक तास, असा कारागिरांचा शिरस्ता आहे, आणि बाहेर काढल्यावर ती मिनिटाच्या आत साच्यावर बसली पाहिजे. भट्टीत कडक वाळवलेले लाकूड वाफेला दाद देत नाही. हवेवर वाळलेले देते. हॉकीच्या लाकडी काठ्या ज्यापासून करतात, ते तुतीचे लाकूड या कामी उत्तम.

मुठींना शिसव घ्यावे. आधी भोक पाडावे, मग बाहेरून खरादावे. कॅरिअरच्या पट्ट्या सरळच असतात, तिथे सागवान निर्धास्त वापरा.

लाकडी रिम घरी करू नये, जाणत्या कारागिराकडून घ्यावी. शिवाय एक अडचण ध्यानात असू द्यावी : आपल्या जुन्या सायकलींच्या सळईच्या ब्रेकचे ठोकळे रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या बाजूवर दाबतात, आणि ती रचना पोलादी रिमसाठीच केलेली आहे. लाकडी रिम लावणाऱ्याने ब्रेक चाकाच्या तुंब्यात असेल अशी तजवीज आधी करावी. प्रत्येक निपलखाली वॉशर घालावा, नाहीतर आरे ताणताच निपल लाकडात रुतेल. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर चाकाचा आऊट पुन्हा काढून घ्यावा, कारण लाकूड दमट हवेत फुगते.

सांगाड्याविषयी थोडक्यात. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीत क्रँकच्या आसाच्या चेनकडील कपाचे आणि डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. जोर लावण्यापूर्वी हे आठवावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. जुनी बोधचिन्हे शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये.

शेवटी लाकडाला जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, मडगार्डाच्या आतल्या बाजूसही. चिखल तिथेच उडतो. आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकण्याची चूक करू नका : वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात, अथवा टाकून देईपर्यंत पाण्यात बुडवून ठेवाव्यात.