संघ कोणाचा, मालकी कोणाची?



इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. हिंदुस्थानात एकेकाळी जी विलायती धोतरे खपत, त्यांपैकी बरीचशी या गावच्या मागांवर विणली जात. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी शेजारच्याच डार्वेन गावी जाऊन राहिले आणि बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणी कामगारांना भेटले. त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, याच गावचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल संघ पुण्याच्या वेंकीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने विकत घेतला. संघाची किंमत झाली २ कोटी ३० लाख पौंड. शिवाय संघाच्या डोक्यावरील कर्जाचा भारही नव्या मालकांकडे आला. या व्यवहाराकडे इतिहासाने उगवलेला सूड म्हणून पाहण्याचा मोह कोणासही होईल. तो मोह आवरून या संघाच्या एकाच हंगामाचा, २०१२-१३ चा, विचार करणे अधिक उपयुक्त ठरेल.

प्रथम या संघाचे कूळ पाहिले पाहिजे. रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जी बारा मंडळे एकत्र येऊन जगातील पहिली फुटबॉल साखळी स्पर्धा सुरू झाली, त्यांत हा संघ होता. हा खेळ तेथे रुजला त्याचे कारण श्रमाच्या इतिहासात आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषांनाही सुटी मिळू लागली. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू करण्याची प्रथा या अर्ध्या सुटीतून आली. १८८३ मध्ये याच गावच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या दुसऱ्या संघाने ओल्ड ईटोनियन्स या उमरावी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा पराभव करून राष्ट्रीय चषक जिंकला. विजेत्यांत विणकर होते, ओतशाळेतील कामगार होते. तात्पर्य, आठवडाभर यंत्रापाशी राबणाऱ्या माणसांनी झगडून मिळवलेल्या फुरसतीतून हा खेळ वाढला.

आता त्या हंगामाकडे वळू. ७ मे २०१२ रोजी स्वतःच्याच मैदानावर विगनकडून पराभूत होऊन रोव्हर्स प्रथम श्रेणीतून खाली घसरला. त्या संध्याकाळी संतप्त प्रेक्षकांनी संघाचा ध्वज गुंडाळलेली एक कोंबडी मैदानात सोडली. मालकांच्या धंद्याला उद्देशून केलेला तो उपहास होता. दुसऱ्या श्रेणीत चोवीस संघ असतात, प्रत्येकाचे शेहेचाळीस सामने होतात आणि तळाचे तीन संघ खाली जातात. पुन्हा वर येण्याच्या ईर्ष्येने ऑगस्टमध्ये जॉर्डन ऱ्होड्स हा तरुण आघाडीवीर सुमारे ८० लाख पौंड मोजून आणण्यात आला. त्याने साखळीत २७ गोल केले. संघाचे जवळजवळ निम्मे गोल त्याचेच होते. म्हणजे पैसा खर्च झाला नाही असे नव्हे, आणि खेळाडूही कुचकामी नव्हता.

ढासळले ते व्यवस्थापन. इंग्लिश फुटबॉलमध्ये संघाची निवड, सराव व डावपेच यांची जबाबदारी व्यवस्थापकावर असते. २८ सप्टेंबरला स्टीव्ह कीन यांनी हे पद सोडले. महिनाभर एरिक ब्लॅक यांनी हंगामी कारभार पाहिला. ३१ ऑक्टोबरला हेनिंग बर्ग आले. १९९५ च्या विजेत्या संघाचे हे बचावपटू. त्यांना दहा सामने मिळाले. त्यांतील एक जिंकला आणि सत्तावन्नाव्या दिवशी, २७ डिसेंबरला, त्यांना निरोप मिळाला. पुन्हा हंगामी कारभार, या वेळी गॅरी बॉयर यांचा. ११ जानेवारीला मायकेल ॲपलटन आले. फेब्रुवारीत त्यांच्या संघाने बलाढ्य आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवून चषक स्पर्धेतून बाहेर काढले. मार्चमध्ये मिलवॉलकडून उपांत्यपूर्व फेरीचा पुन्हा खेळविलेला सामना हरल्यावर आठवड्याच्या आत, १९ मार्चला, तेही गेले. त्यांच्या वाट्याला सदुसष्ट दिवस आले. उरलेला हंगाम पुन्हा बॉयर यांनीच ओढून नेला. अखेरीस ५८ गुण आणि सतरावे स्थान. त्याच वर्षी पीटरबरो संघ ५४ गुण मिळवूनही खाली गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे ब्लॅकबर्न कड्याच्या किती जवळ उभे होते ते कळते.

या अंदाधुंदीचा कळस न्यायालयात झाला. बर्ग यांनी करारातील उर्वरित काळाच्या वेतनाची मागणी केली. मंडळाने आधी देणे मान्य केले आणि मग असा करार करण्याचा अधिकार आपल्या व्यवस्थापकीय संचालकासच नव्हता, असा पवित्रा घेतला. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने तो अमान्य करून साडेबावीस लाख पौंड देण्याचा आदेश दिला. कोणाच्या सहीला काय अर्थ आहे हे ज्या संस्थेला स्वतःलाच सांगता येत नाही, तेथे अकरा माणसांनी मैदानावर शिस्त दाखवावी ही अपेक्षा तरी कशी करायची?

येथे दोन सोपी उत्तरे पुढे येतात आणि दोन्ही टाळली पाहिजेत. पहिले उत्तर असे की परदेशी मालकांना इंग्लिश खेळ कळत नाही. पण गिरण्यांच्या रात्रपाळीसाठी आलेल्या भारतीय व पाकिस्तानी कामगारांची मुले-नातवंडे आज ब्लॅकबर्नचीच रहिवासी आहेत. तेथे प्रश्न कातडीच्या रंगाचा केला तर श्रमिकांतच फूट पडेल. दुसरे उत्तर असे की हे मालक दुष्ट होते. तेही टिकत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे तोटा सोसला आणि पदरचे पैसे घातले. संघ लुटण्याचा हेतू असता तर असे घडते ना.

खरे दुखणे रचनेत आहे. पूर्वी इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या नियमांनी भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा होती व संचालकांना वेतन घेण्यास मनाई होती. १९८३ मध्ये टॉटेनहॅमने संघावर एक धारक कंपनी उभी करून, तिचे भाग बाजारात विकून या नियमांना बगल दिली. त्याच वर्षी साखळी सामन्यांच्या प्रवेशशुल्कातील पाहुण्या संघाचा वाटा बंद झाला. १९९२ मध्ये वरचे संघ वेगळे झाले आणि दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा मोठा ओघ त्यांच्याकडे वळला. वरून घसरणाऱ्या संघास त्या काळी चार वर्षांत मिळून ४ कोटी ८० लाख पौंड दिले जात, यावरूनच दोन श्रेणींमधील दरी किती खोल आहे ते समजावे. अशा दरीच्या काठावर शहाणा माणूसही जुगारी बनतो.

आणि एक कटू सत्य आहे. १९९५ चे अजिंक्यपदही याच रचनेचे फळ होते. पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेले स्थानिक उद्योगपती जॅक वॉकर यांनी १९९१ मध्ये संघ ताब्यात घेऊन आपली संपत्ती ओतली. २००० मध्ये ते वारले आणि दहा वर्षांनी त्यांच्या विश्वस्त निधीने संघ विकला. वॉकर गावचे होते, प्रेमळ होते. तरी तीही एका माणसाची मर्जीच होती. मर्जीवर उभे राहिलेले वैभव मर्जीनेच नाहीसे होते. २०१७ मध्ये हा संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या दुसऱ्या कोणत्याही संघावर तोवर असा प्रसंग आला नव्हता. वर्षभराने तो परतला, पण जुने स्थान परतले नाही.

जर्मनीत सर्वसाधारण नियम असा की संघाच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते असलीच पाहिजेत. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला आणि मालकांना प्रेक्षकांशी विचारविनिमय करणे बंधनकारक झाले. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु सल्ला विचारणे वेगळे आणि सत्तेत वाटा देणे वेगळे. सभासदत्व हाही रामबाण उपाय नव्हे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांत ऊस उत्पादक कागदोपत्री मालक आहे. तरीही जेथे सभासद झोपला तेथे कारखाना एका घराण्याची जहागीर झाला. म्हणून मालकी बदलणे ही लढ्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे.

ब्लॅकबर्नच्या ज्या प्रेक्षकांनी त्या हंगामात पाऊसपाण्यात मैदान सोडले नाही, त्यांनी संघाला आपले सारे आयुष्य दिले होते. व्यवस्थापक येत-जात राहिले, तेवढे हे लोक मात्र जागचे हलले नाहीत. आणि निर्णयात ज्यांना एकही मत नव्हते, ते हेच लोक होते. जे कापड विणले त्यावर विणकराचा हक्क नव्हता; जो संघ वाढवला त्यावर विणकराच्या नातवाचा नाही. या दोन वाक्यांत शतकाचे अंतर आहे, पण प्रश्न एकच आहे, आणि तो फुटबॉलपुरता नाही.