आधी नकाशा, मग पाया

आयर्लंडच्या डब्लिन शहरात तीन जुनी बालरुग्णालयं एकत्र करून एकच राष्ट्रीय रुग्णालय उभारायचं ठरलं. २०१७ मध्ये खर्च धरला सुमारे ९८ कोटी युरो. २०२४ पर्यंत तो गेला २२४ कोटींवर. एक मोठं कारण म्हणजे नकाशे पुरे होण्याआधीच काम ठरवून दिलं. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला पटली. ३८० खोल्या, खोलीत एकच मूल, आणि शेजारी आईला किंवा वडिलांना झोपायला पलंग. दवाखान्याच्या फरशीवर लेकराजवळ रात्र काढलेल्या आपल्याला त्याचं मोल कळतं. गावात उपकेंद्र बांधायचं निघालं, की ग्रामसभेत आपण दोन्ही विचारू या: नकाशा पुरा झालाय का? आणि त्यात आईची जागा कुठे आहे?